सोयरीक जुळवता? आधी विचारा

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मोडलं याचा मले राग नाई. लोकायचे मोडतात. पोराचं मन फिरते, पोरीचं फिरते, पत्रिका आडवी येते. माणसानं घरी यावं, हात जोडावे अन् सरळ सांगावं की आमचं जमत नाई. मी स्वतः चहा करून पाजला असता. पण देवळीच्या घोडखांद्यायनं काय केलं? माझ्या बहिणीले फिट येते म्हणून सांगत सुटले. हे मी विसरणार नाई, अन् त्यायलेही विसरू देणार नाई.

आमी वर्ध्याचे झाडे, अन् मयुरी माझी लहान बहीण. हिंगणीच्या शाळेत शिकवते, रोज वर्ध्याहून बसनं जाणं-येणं करते, शाळेच्या पोरायले घेऊन बोर धरणापर्यंत पायी जाते, अन् आजपर्यंत तिले सर्दीच्या वर काही झालं नाई. अंकित घोडखांदेचं स्थळ आलं तेव्हा आमी सगळे हुरळलो. पोरगा पुण्याले कंपनीत, बाप सदाशिवराव देवळीत कापडाचे व्यापारी, माय सुमित्राबाई बोलायले साखर. दोन हजार आठच्या एप्रिलात मंगल कार्यालयात साक्षगंध झालं. अंगावर जरीचा शालू, बाहेर वर्ध्याचं ऊन, कूलर बंद पडलेला, अन् पोरगी सकाळपासून उपाशी, कारण फोटोवाला म्हणते अजून एक, अजून एक. अंगठी घालून झाली अन् मयुरीले चक्कर आली. खाली बसली. लिंबूपाणी देल्लं, उठली, हसली, अन् पंगतीत सुमित्राबाईले आग्रह करकरून जिलबी वाढली. बस, एवढंच झालं होतं.

दिवाळीच्या सुमाराले अंकितले नागपूरचं मोठं स्थळ सांगून आलं. बंगला, गाडी, एकुलती एक पोरगी. आता झालेलं साक्षगंध मोडायचं कसं? समाज तोंडात शेण घालते. मंग सुमित्राबाईले ती चक्कर आठवली. देवळीत कोणाच्या तरी लग्नात, भर पंगतीत, पानात वांग्याची भाजी घेता घेता ती बाई बोलली, "पोरीले फिट येते म्हणे. आमच्यापासून लपवलं त्यायनं. देवानंच वाचवलं बाप्पा!" पंगतीत बोललेली गोष्ट जिल्हाभर फिरते, तिले एसटीचं तिकीटही लागत नाई.

त्यानंतर मयुरीले स्थळं येणंच बंद झालं. एक आलं, पुलगावचं. पोराच्या आत्यानं पोहे खाल्ले, चहा घेतला, अन् सगळा वेळ मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली. निघताना रुमाल काढाले पर्स उघडली त आतून कांदा खाली पडला. गडगडत थेट मयुरीच्या पायापाशी गेला. फिट आलेल्या माणसाले कांदा हुंगवतात, हे आमच्याकडं लहान लेकरालेही माहीत आहे. बाई तयारीनं आली होती! मयुरीनं कांदा उचलला, तिच्या हातात देल्ला अन् म्हणाली, "आत्या, तुमचा कांदा." मंग आत गेली अन् दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. त्याच दिवशी मी ठरवलं की ह्या बाईले सोडायचं नाई.

बाबा म्हणाले, जाऊ दे. आमचे बाबा सरकारी हापिसात क्लार्क होते, जन्मभर साहेबायपुढं मान हलवत आले. माझा स्वभाव त्यायच्यावर गेला नाई, मायवर गेला.

माझं सासर वर्ध्यातच, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. मी चंद्रभानभाऊच्या दुकानात काम करते. आधी ते लग्नपत्रिका छापत, मंग फ्लेक्स छापू लागले, अन् त्या सुमाराले इंटरनेटवरच्या जाहिरातीही घेऊ लागले. कोचिंग क्लासवाले, ट्रॅक्टरवाले, मंगल कार्यालयवाले, सगळ्यायले एकदम 'नेटवर' दिसायचं होतं. ते काम माझ्याकडं होतं.

ह्या जाहिरातीचं कसं असते ते सांगते. ते कॉम्प्युटर तुमाले पहिले जाहिरात मागतच नाई. पहिले विचारते, तुमाले पाहिजे काय? जास्तीत जास्त लोकायनं तुमचं नाव पाहावं? तुमच्या पानावर यावं? का फोन करावा? मंग विचारते, दाखवू कोणाले? कोणत्या गावच्या, केवढ्या वयाच्या, काय शोधून राह्यलेल्या माणसाले? पहिलं उत्तर चुकलं की पुढचं सगळं चुकते, अन् ट्रॅक्टरची जाहिरात नर्सिंगच्या पोरी पाहत बसतात. हे मी गिऱ्हाइकायले घसा कोरडा होईपर्यंत समजावून सांगते. अन् स्वतःची वेळ आली तेव्हा? रागाच्या भरात मीच विसरली.

नेटवर एक साधं पान बनवलं. वर साक्षगंधाचा फोटो, अंकित मयुरीच्या बोटात अंगठी घालून राह्यला. खाली तारीख, अन् दोन ओळी: 'हे साक्षगंध मुलाकडच्यांनी मोडले. कारण जाणून घ्यायचे असल्यास फोन करा.' नंबर माझा. चंद्रभानभाऊले दाखवलं. त्यायनं चष्मा वर करून वाचलं अन् म्हणाले, "खोटं काही लिहू नको फक्त. दुकान माझं आहे, ध्यानात ठेवजो."

"एक अक्षर खोटं नाई, भाऊ."

"मंग कर."

मी केलं. काय पाहिजे? जास्तीत जास्त लोकायनं पाहावं. कोणाले दाखवू? सगळ्यायले. वर्धा, नागपूर, अमरावती, सगळं. मले वाटलं आता जिल्हा पेटते. पेटते काहाले! रिकामटेकड्या पोरायचे फोन सुरू झाले. एक म्हणते, मॅडम, फोटोतल्या मुलीचा नंबर भेटेल काय? एक म्हणते, मंगल कार्यालय कोणतं आहे, भाडं किती? एकानं त मले नोकरी मागतली. माझं डोकं असं फिरलं की फोन भिंतीवर आपटणार होती.

चंद्रभानभाऊ पत्रिकेचे गठ्ठे बांधता बांधता म्हणाले, "रीता, तुले गावभर बोंब मारायची आहे, का त्या पोराची सोयरीक अडवायची आहे? एक काय ते ठरव. दोन्हीचे गिऱ्हाईक वेगळे."

बरोबर होतं त्यायचं. मले सगळं जग नको होतं. मले फक्त ती माणसं पाहिजे होती, जी आपली पोरगी त्या घरात द्यायले निघाली होती. मी पहिली जाहिरात बंद केली अन् दुसरी बनवली. काय पाहिजे? फोन. कोणाले दाखवू? जो कोणी गुगलवर 'अंकित घोडखांदे' टाकेल, फक्त त्याले. बाकी कोणालेच दिसणार नाई. सापाच्या बिळापाशी काठी घेऊन बसावं तशी मी बसली.

साप काही आला नाई. फोन नाई, काही नाई. फेब्रुवारी संपला. लग्नसराई तोंडावर, नागपूरवाल्यायचं बोलणं पक्कं होऊन राह्यलं असं कानावर येत होतं, अन् माझी जाहिरात कोणीच पाहत नव्हतं.

एका रविवारी माहेरी माय तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिच्यापाशी मी रडगाणं गायली. वच्छलाबाई म्हणतात तिले, बोलायले लागली की कोणाची भीड ठेवत नाई.

"पोराचं नाव कोण पाह्यते वं?" ती म्हणाली. "अंकित त गल्लीगल्लीत पडले आहेत. पोरीचा बाप पहिले काय विचारते? कुठले घोडखांदे? बाप कोण? मामेकुळ कोणतं? तुह्या वेळी तुह्या बाबायनं तुह्या नवऱ्याचं नाव चौथ्या दिवशी विचारलं होतं. तोपर्यंत मामेकुळाचीच चौकशी चालू होती."

मामेकुळ म्हणजे पोराच्या मायचं माहेर. आमच्या समाजात त्याच्याशिवाय पान हलत नाई. पत्रिका, पगार, रंग, सगळं नंतर. अन् मी पुण्यामुंबईच्या लोकायसारखी पोराचं नाव टाकून बसली होती! मी तिथल्या तिथं कपाळावर हात मारला. माय म्हणाली, "कपाळ काहाले बडवतं? शेंगा सोल."

दुसऱ्या दिवशी सगळे शब्द बदलले. सदाशिवराव घोडखांदे देवळी. घोडखांदे कापड दुकान. अन् सुमित्राबाईचं माहेर, निंभोरकर आष्टी. मराठीत टाकले, इंग्रजीत टाकले, लोकं लिहितात तशा चुका करूनही टाकले. जाहिरातीत ओळ लिहिली: 'घोडखांदे, देवळी. मामेकुळ निंभोरकर, आष्टी. सोयरीक जुळवता? आधी विचारा.'

अन् मंग फोन वाजला.

चांदूरचा माणूस होता. पुण्यातल्या आपल्या पोराले त्यानं नावं सांगतली होती, पोरानं टाकून पाह्यली, अन् माझी ओळ समोर आली. माणूस घाबरत घाबरत बोलला, "ताई, आमाले पोरगी द्यायची आहे हो. काय भानगड आहे?"

मी शिवी देल्ली नाई. आवाजही चढवला नाई. म्हणलं, "काका, साक्षगंध झालं होतं. मोठं स्थळ आलं म्हणून मोडलं. अन् मोडताना पोरीले फिट येते म्हणून बदनाम केलं. पोरगी धडधाकट आहे. उद्या तुमच्या पोरीच्या नावानं काय सांगतील ते तुमीच पाहा."

मंग तो म्हणाला, "उपकार झाले ताई." मी फोन ठेवला अन् छातीत असं गार गार वाटलं म्हणता! माठातलं पाणी प्यायल्यासारखं. कोणी म्हणेल सूड घेऊन समाधान नाई भेटत. मले त भेटलं बाप्पा, भरपूर भेटलं.

मंग नागपूरहून फोन आला. त्या बंगलेवाल्या पोरीचा काका. त्यायले सुमित्राबाईनं सांगतलं होतं की साक्षगंध वगैरे काही झालंच नव्हतं, नुसतं बोलणं होतं. मी म्हणलं, "फोटो पाह्यला ना? अंगठी कोणाच्या हातात आहे?" काकानं फोन ठेवून देल्ला. आठ दिवसांत ते स्थळ मोडल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी मी गोरसपाकाचा पुडा घेतला, आमच्या वर्ध्याची ती तुपातली बिस्किटं, अन् माहेरी जाऊन सगळ्यायले वाटला. बाबा म्हणाले, कशाबद्दल आहे? मी म्हणलं, खा.

मयुरीले मी यातलं काही सांगतलं नव्हतं. अंकितच्या फोनमुळं तिले समजलं. ती माझ्या बाजूलेच बसून वह्या तपासत होती.

"ताई, हे काय लावलं तुमी?" अंकित ओरडला. "मी केस टाकीन!"

तोपर्यंत मी त्याले अंकितराव म्हणत होती. त्या दिवशी अरे-तुरेवर आली. "टाक ना. कोर्टात तुह्या मायले उभी कर अन् सांग म्हणा, फिट कोणी पाह्यली. डॉक्टर मी आणते."

त्यानं फोन कापला. मयुरीनं लाल पेन खाली ठेवला अन् सगळं विचारून घेतलं. मी पान दाखवलं. ती फोटोकडं पाहत राह्यली. "माझा फोटो बरा आलता," एवढंच म्हणाली. मी समजली संपलं. पण वह्या आवरता आवरता तिनं मले धरलं.

"त्याचं अडलं, बरंच झालं. मले काही दया नाई त्याची. पण ताई, फोन करणारे सगळे त्याच्या घराचं विचारतात. माझं काय? माझ्या अंगावर जे थापलं, ते आहे तिथंच आहे. पुलगाववाली अजूनही कांदा घेऊनच येईल."

इतके दिवस मी त्यायचं घर जाळत बसली होती, अन् माझ्या बहिणीचं नाव तसंच काळं होतं. पुन्हा तीच चूक! काय पाहिजे, ह्याचंच उत्तर मी अर्धवट देल्लं होतं.

मे महिन्यात सुमित्राबाई स्वतः आली. भर दुपारी, देवळीच्या बसनं. स्टँडवरून उन्हात चालत आलती. मायनं मले निरोप पाठवला, मी दुकानातून धावत गेली. बाई दारातच उभी, तोंड लाल, पदर डोक्यावर.

"इहीणबाई," ती मायले म्हणाली, "पोराचं वय निघून चाललं. येते ते स्थळ परत जाते. बंद करायले सांगा ना हिले."

"कोण इहीण?" माय म्हणाली. "माह्या पोरीले फिट येते. फिटवालीच्या मायले इहीण नसते."

सुमित्राबाई काही बोलायले गेली अन् हात भिंतीवर टेकवला. डोळे फिरले तिचे. मटकन खाली बसली, उंबऱ्यावरच. मी धावली, पाण्याचा गिलास तोंडाले लावला. शत्रू असला तरी माणूस आहे, उन्हात मरू त देता येत नाई. मयुरी सुट्टीची घरीच होती. ती स्वयंपाकघरात गेली. मले वाटलं साखर आणते. बाहेर आली त हातात कांदा. विळीवर मधोमध चिरलेला.

ती सुमित्राबाईच्या समोर उकिडवी बसली अन् कांदा तिच्या नाकाशी धरला.

"घ्या, हुंगा. तुमाले फिट आली."

"फिट नाई वं माय," सुमित्राबाई कण्हत बोलली, "चक्कर आली. ऊन लागलं."

"मलेही चक्करच आलती," मयुरी म्हणाली. "ऊनच लागलं होतं."

सुमित्राबाईच्या डोळ्यातून पाणी वाहायले लागलं. कांद्याचं होतं का लाजेचं, मले माहीत नाई, अन् मी विचारलंही नाई. मायनं पंखा तिच्याकडं फिरवला, पण तोंडातून गोड शब्द काढला नाई.

"बंद करा," सुमित्राबाई हात जोडून म्हणाली. "तुमी म्हणाल ते करते."

सकाळीच मले एका माणसाचा फोन आलता, हिंगणघाटचा. दुकानात गर्दी होती म्हणून दुपारी सांगते म्हणलं होतं. मी तोच नंबर लावला, स्पीकर चालू केला अन् मोबाइल सुमित्राबाईच्या मांडीवर ठेवला. "बोला. जे पंगतीत बोलल्या, ते फिरवा."

पलीकडून माणूस हॅलो हॅलो करत होता. बाईनं एकदा माझ्याकडं पाह्यलं, एकदा मयुरीच्या हातातल्या कांद्याकडं. मंग घसा खाकरून बोलली, "मी देवळीची सुमित्राबाई. वर्ध्याच्या झाड्याच्या पोरीले काही नाई. मी खोटं बोलली होती."

"कोण झाडे? आमी त तुमच्या पोराचं विचारून राह्यलो," तो माणूस गोंधळून म्हणाला, अन् फोन ठेवून देल्ला.

मले हसूही आलं अन् चीडही आली. पण मयुरी हसली नाई. तिनं कांदा ताटलीत ठेवला, हात पुसले अन् माझ्याकडं वळली.

"ताई, चुकीच्या माणसाले ऐकवलं तू. ह्याले माझं काय पडलं आहे? जाहिरात बंद नको करू. माणसं बदल. आता आपलं घराणं जे टाकतील त्यायले दाखव. बाबायचं नाव, आपलं मामेकुळ. अन् फोन नंबर ह्यायचा टाक."

सुमित्राबाईचं तोंड उघडंच राह्यलं. "माह्या घरी फोन येतील?"

"येतील," मयुरी म्हणाली. "अन् तुमी उचलाल. एक जरी फोन चुकीचा बोलल्या त ताई तुमच्या घराची जाहिरात परत चालू करते. माझं लग्न होईपर्यंत."

काय म्हणावं तिले! हिंगणीच्या पोरायले पाढे शिकवणारी, घरात कोणाले वर आवाजात न बोलणारी माझी बहीण. मी त नुसती काठी घेऊन बिळापाशी बसली होती. हिनं सापालेच दारावर पहाऱ्याले बसवलं.

संध्याकाळच्या बसनं सुमित्राबाई गेली. मी दुकानात जाऊन घोडखांद्यायची जाहिरात थांबवली अन् नवी चालू केली. काय पाहिजे? फोन. कोणाले दाखवू? झाडे वर्धा, भांडेकर सेलू, हे जो शोधेल त्याले. ओळ मयुरीनं स्वतः सांगतली: 'झाडे, वर्धा. मामेकुळ भांडेकर, सेलू. मुलीबद्दल काही ऐकले? जिने सांगितले तिलाच विचारा.' खाली देवळीचा नंबर. चंद्रभानभाऊनं वाचलं, चष्मा खाली केला अन् म्हणाले, "ही तुह्याहून भारी निघाली."

जून लागला. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मयुरी दुकानात आली. म्हणाली, चाल, पाहून येऊ. चौकातल्या पानठेल्यावर लाल डब्बा होता, रुपयाचं नाणं टाकून बोलायचा. तिनं देवळीचा नंबर फिरवला, तोंडावर ओढणी धरली अन् आवाज जाड केला. मी रिसीव्हरले कान लावून उभी राह्यली.

"सुमित्राबाई काय? आमी पुलगावचे. ती झाड्याची मयुरी, तिले फिट येते म्हणतात. खरं आहे?"

पलीकडून एक थकलेला आवाज आला. कोणजाणे किती जणायले तिनं तेच सांगतलं असेल. "नाई वं बाई. पोरगी खणखणीत आहे. उन्हानं चक्कर आलती तिले. मीच खोटं बोलली."

मयुरीनं रिसीव्हर लगेच ठेवला नाई. टूं टूं वाजायले लागलं तरी कानाशीच धरून उभी. मले वाटलं आता रडते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिनं ओढणी बाजूले केली अन् माझ्यापुढं तळहात पसरला.

"ताई, अजून एक रुपया दे."